झेलेन्स्कींनी ट्रम्पना वळवलं, मागाचं काय?

निळी_शाई (धागालेखक)

युक्रेनवर धागा निघाला की दुसऱ्या पानापासून 'नाटोने डिवचलं की पुतिनने गिळलं' सुरू होतं आणि मूळ विषय राहतो बाजूला. त्यासाठी जुने धागे आहेत, तिथे खुशाल भांडा. इथे बोलायचंय ते झेलेन्स्की आणि 'मेक अमेरिका ग्रेट अगेन'वाल्या मागा मंडळींबद्दल. २०१९ पासून हे प्रकरण इतक्या वेळा पलटलंय की बातम्या तुटक तुटक वाचणाऱ्याला वाटावं, सगळा खेळ ट्रम्प यांच्या मूडचा आहे. मला तसं वाटत नाही. २०२५ मध्ये झेलेन्स्की एका माणसाशी कसं वागायचं ते शिकले. त्याच्या मागची चळवळ होती तिथेच आहे. ती तिथे का आहे हे कळायला पुतिनप्रेमापेक्षा पैशाचा आणि जुन्या रागाचा हिशोब जास्त कामाला येतो.

खरं तर हा गडी मागाला आवडायला हवा होता. टीव्हीवरचा विनोदी नट, राजकारणाचा अनुभव शून्य, प्रचार सगळा भ्रष्ट प्रस्थापितांविरुद्ध, पक्षाचं नावसुद्धा स्वतःच्या गाजलेल्या मालिकेचं आणि एप्रिल २०१९ च्या दुसऱ्या फेरीत ७३ टक्के मतं. २५ जुलै २०१९ च्या त्या प्रसिद्ध फोनचा व्हाइट हाउसने जाहीर केलेला वृत्तांत ज्यांनी वाचला नसेल त्यांनी जरूर वाचावा. झेलेन्स्की त्यात ट्रम्पना आपले गुरू म्हणतात. 'ड्रेन द स्वॉम्प' ही ट्रम्पचीच घोषणा आपल्या देशाला लावतात. न्यूयॉर्कला आलो तेव्हा ट्रम्प टॉवरमध्ये उतरलो होतो, हेही हळूच सांगून घेतात. मग जॅव्हलिन क्षेपणास्त्रं आणखी घ्यायची आहेत असा विषय निघतो आणि लागलीच पलीकडून 'तेवढं आमचं एक काम करा' येतं. काम म्हणजे २०१६ च्या निवडणुकीतल्या कथित हस्तक्षेपाची आणि बायडन बापलेकांची चौकशी. त्या वेळी युक्रेनची ३९ कोटी डॉलरची लष्करी मदत अडवून ठेवलेली होती. पुढचं माहीतच आहे. डिसेंबर २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात महाभियोग, फेब्रुवारी २०२० मध्ये सिनेटमध्ये सुटका.

झेलेन्स्कींनी त्यात काय केलं? काहीच नाही. उलट 'माझ्यावर कुणी दबाव आणला नाही' असंच ते कॅमेऱ्यासमोर म्हणाले. पण ट्रम्पसमर्थकांच्या डोक्यात 'युक्रेन म्हणजे आपल्या माणसाला अडकवणारा देश' हे पक्कं बसलं. त्याआधीही २०१६ च्या ऑगस्टमध्ये कीव्हमधून बाहेर आलेल्या काळ्या खतावणीमुळे (गुप्त रोख देण्यांच्या नोंदी) ट्रम्प यांचा प्रचारप्रमुख पॉल मॅनाफोर्टला घरी जावं लागलं होतंच. म्हणजे २०२२ मध्ये रशियन रणगाडे आले तेव्हा मागाची पाटी कोरी नव्हती. पुढे ट्रम्प यांचे उपाध्यक्ष झालेले जे. डी. व्हान्स तेव्हा सिनेटची निवडणूक लढवत होते. युक्रेनचं काय होतं याची आपल्याला फिकीर नाही, असं ते हल्ल्याच्या थोडं आधी ट्रम्प यांचे जुने सल्लागार स्टीव्ह बॅनन यांच्या कार्यक्रमात उघड बोलून गेले होते.

२१ डिसेंबर २०२२ ला झेलेन्स्की काँग्रेसपुढे आले ते ऑलिव्ह रंगाच्या स्वेटशर्टमध्ये. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मॅट गेट्झ आणि लॉरेन बोबर्ट हे मागाचे खासदार बसून होते. त्या रात्री फॉक्स वाहिनीच्या टकर कार्लसनने झेलेन्स्कींची तुलना स्ट्रिप क्लबच्या मॅनेजरशी केली. ट्रम्प यांच्या थोरल्या चिरंजीवांनी तर झेलेन्स्कींवर सरकारी मदतीवर जगणारी कृतघ्न बाई असा शिक्काच मारला. रिपब्लिकन मतदाराला हा शिक्का रेगनच्या काळापासून ओळखीचा आहे, म्हणून तो चिकटला.

२० एप्रिल २०२४ चं मतदान बघा. सुमारे ६१ अब्ज डॉलरच्या मदतीच्या बाजूने ३११, विरोधात ११२. ते ११२ सगळेच्या सगळे रिपब्लिकन, आणि बाजूने मत दिलेले रिपब्लिकन १०१. म्हणजे पक्षातच बहुमत विरोधात. सभापती माइक जॉन्सननी सहा महिने तंगवून मग ते विधेयक मतदानाला घेतलं आणि मागाच्या खासदार मार्जोरी टेलर ग्रीननी त्यांची खुर्ची काढायचा प्रयत्न केला. एक गंमत मात्र लक्षात ठेवा: त्यातला आर्थिक मदतीचा भाग 'माफ करता येईल असं कर्ज' या नावाखाली दिला गेला. कर्जाची कल्पना ट्रम्प यांची. मदत चालेल, पण खैरात म्हणायची नाही. पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली इथे आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये झेलेन्स्कींनी स्वतः होऊन पायावर धोंडा पाडून घेतला. निवडणूक दीड महिन्यावर असताना पेनसिल्व्हेनियात स्क्रँटनच्या तोफगोळ्यांच्या कारखान्यात गेले, सोबत डेमोक्रॅट गव्हर्नर. त्याच सुमारास एका मुलाखतीत व्हान्सना 'फारच टोकाचे' म्हणून मोकळे झाले. हेतू १५५ मिमीचे गोळे बनवणाऱ्या कामगारांचे आभार मानायचा असेलही, पण अटीतटीच्या राज्यात जाताना हे कळू नये? जॉन्सननी लगेच युक्रेनच्या राजदूत ओक्साना मार्कारोव्हांना हटवा अशी मागणी केली.

त्याची वसुली २८ फेब्रुवारी २०२५ ला झाली. ओव्हल ऑफिसमधलं भांडण सगळ्यांनी पाहिलंय, पण शेवटची दहा मिनिटंच पाहिलीत. त्याआधीची चाळीस मिनिटं बऱ्यापैकी गोड होती. झेलेन्स्की दारात उतरतानाच ट्रम्प 'आज अगदी नटूनथटून' असं चिमटा काढून बोलले होते. मग रिअल अमेरिकाज व्हॉइस या मागाच्या लाडक्या वाहिनीच्या ब्रायन ग्लेनने विचारलं, सूट का घालत नाही, सूट आहे तरी का तुमच्याकडे? झेलेन्स्की म्हणाले, युद्ध संपलं की घालीन, कदाचित तुमच्यासारखा, कदाचित त्याहून बरा. हशा पिकला आणि विरलाही. नंतर व्हान्स बोलायला लागले. 'एकदा तरी थँक यू म्हणालात का' हे वाक्य सगळ्यांना आठवतं; त्याच दमात 'पेनसिल्व्हेनियात जाऊन विरोधकांचा प्रचार केलात' हेही ते म्हणाले होते. कोपऱ्यात मार्कारोव्हा बाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या, तो फोटो जगभर फिरला. युक्रेनच्या खनिजांत अमेरिकेला वाटा देणारा करार सहीविना तसाच राहिला, पाहुणे जेवणाआधीच बाहेर. काही दिवसांत आधी शस्त्रं थांबली, मग गुप्त माहितीही.

आणि १८ ऑगस्ट २०२५ ला तोच माणूस, तीच खोली, अंगात काळा सूटसदृश पोशाख. ग्लेन म्हणतो, काय छान दिसताय! झेलेन्स्की म्हणतात, मी बदललो, तुम्ही मात्र तोच सूट घालून आलात. ट्रम्प हसतात. सोबत पत्नीने मेलानियाबाईंना लिहिलेलं पत्र, जखमी सैनिकाकडून आणलेली गोल्फची काठी, आणि पहिल्या काही मिनिटांत थँक यूची अशी सरबत्ती की पत्रकार मोजायला बसले. शेजारच्या खोलीत मॅक्राँ, मेर्झ, स्टार्मर, मेलोनी, स्टब अशी युरोपच्या नेत्यांची अख्खी वरात थांबलेली.

पण सहा महिन्यांत खरा फरक कपड्यांनी पडला नाही. एप्रिलच्या अखेरीस खनिज करार झाला, आणि त्यात मागची मदत कर्ज म्हणून दाखवलेली नाही, जी ट्रम्पची मूळ मागणी होती. जुलैत ट्रम्प आणि नाटोचे रुटे यांनी नवी व्यवस्था जाहीर केली: शस्त्रं अमेरिकेची, बिल युरोपचं. बस्स. ट्रम्पना 'आम्ही देत नाही, विकतो' म्हणायची सोय झाली.

मागाला एवढंही पुरलं नाही. बॅनन आणि ग्रीन त्या जुलैतच कुरकुरले. ट्रम्प बदलू शकतात, मागा नाही, असं माझं म्हणणं. तुम्हाला काय वाटतं?

---

बाळूतात्या

लेख झकास. ग्लेन हा त्याच ग्रीनबाईंचा जोडीदार ना? म्हणजे प्रश्न विचारणारा घरचाच होता म्हणायचा.

अवांतर: त्या सुटावर पॉलिमार्केट नावाच्या सट्ट्याच्या साइटवर कोट्यवधी डॉलर लागले होते. नाटोच्या हेगच्या बैठकीला जून २०२५ मध्ये साहेब काळं जाकीट घालून आले, त्याला सूट म्हणायचं की नाही यावर पैसे लावणाऱ्यांत राडा झाला. शेवटी निकाल 'सूट नाही' असा लागला. आपल्याकडे मटक्यावाल्यांनीही इतका कीस पाडला नसता.

---

ओहायोकर

धागालेखकांनी २०२३ वरून उडीच मारली, म्हणून थोडी भर घालतो. कोलंबसजवळ राहतो, सगळे शेजारी ट्रम्पवाले.

३ फेब्रुवारी २०२३ ला आमच्या राज्याच्या पूर्व टोकाला ईस्ट पॅलेस्टाइन या छोट्या गावात मालगाडी घसरली. डब्यांत व्हिनाइल क्लोराइड होतं. स्फोट होऊ नये म्हणून ते मुद्दाम जाळलं, काळ्या धुराचा खांब उभा राहिला, ओढ्यात मासे मेले. लोकांना घरी परतायला सांगितलं तेव्हा घशात खवखव होतीच. २० फेब्रुवारीला बायडन कुठे? कीव्हमध्ये, झेलेन्स्कींबरोबर, सायरन वाजत असताना रस्त्यावरून चालत. गावच्या महापौरांनी फॉक्सवर सांगितलं की ही आमच्या थोबाडीत मारलेली सर्वांत मोठी चपराक. दोन दिवसांनी ट्रम्प गावात पाण्याच्या बाटल्या घेऊन हजर. बायडन पुढे वर्षभराने आले.

माझ्या शेजाऱ्याला क्रिमिया नकाशावर दाखवता येणार नाही, पण या दोन तारखा तो विसरलेला नाही. त्याला रशियाबद्दल प्रेम वगैरे काही नाही, बापाने शीतयुद्धात जर्मनीत नोकरी केलेली. त्याचं म्हणणं एवढंच, आमच्या विहिरीचं पाणी तपासायला पैसे नाहीत आणि तिकडे अब्जांचे चेक. यात गणिताची गफलत आहे हे मी त्याला सांगून पाहिलंय: मदतीच्या रकमेचा मोठा भाग अमेरिकेतल्याच कारखान्यांत खर्च होतो. आमच्या लायमामध्ये रणगाड्यांचा कारखाना आहे, हे त्याला माहीत आहे. तरीही तो 'बरं' म्हणून बिअर उघडतो.

व्हान्सना हा माणूस नीट ठाऊक आहे. १० ऑगस्ट २०२५ ला, अलास्कातल्या ट्रम्प-पुतिन भेटीच्या तोंडावर, त्यांनी फॉक्सवर सांगितलं, युक्रेन युद्धाला पैसे पुरवण्याचा धंदा आमच्यापुरता संपला. युरोपला आमच्याकडून शस्त्रं विकत घ्यायची असतील तर घ्या. ते वाक्य थेट माझ्या शेजाऱ्यासाठी होतं.

---

रा_रा_सातारकर

असहमत. सगळं पैशावर नेऊन ठेवलंत की विचारसरणी सुटते. पैसा इस्रायललाही जातो, तेव्हा इतकी वर्षं ही मंडळी कुठे होती? (आता तिथेही कुरबुर सुरू झालीय हे मान्य.) हंगेरीचे पंतप्रधान असताना ऑर्बान यांना मागा डोक्यावर घेऊन नाचली, त्यांच्या देशात जाऊन सीपॅकची (अमेरिकी उजव्यांचा मेळावा) संमेलनं भरवली. का? स्थलांतरितांना बंदी, पारंपरिक कुटुंब, ख्रिस्ती युरोप, ब्रुसेल्सला शिव्या. पुतिन हेच दुकान मोठ्या प्रमाणावर चालवतात. कार्लसन फेब्रुवारी २०२४ मध्ये मॉस्कोला जाऊन त्यांची मुलाखत घेतो आणि मग तिथल्या किराणा दुकानाचं कौतुक करत फिरतो, ते काय हिशोबाच्या वहीतून आलं?

झेलेन्स्की या मंडळींना ब्रुसेल्स, दावोस आणि बायडन यांच्या पंगतीतले दिसतात. त्यात २०२४ च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोशी जोडलेल्या चर्चवर बंदीचा रस्ता मोकळा करणारा कायदा त्यांनी केला. मागाच्या पॉडकास्टवर त्याचं भाषांतर 'ख्रिश्चनांचा छळ' असं झालं.

---

निळी_शाई

सातारकर, मुद्दा अर्धा मान्य. पॉडकास्टवाले तुम्ही म्हणता तसेच आहेत. पण चर्चचा मुद्दा दोन्हीकडून चालतो. रशियाने ताबा घेतलेल्या भागात बाप्टिस्ट प्रार्थनाघरं बंद केली, पाद्री पकडले, आणि युक्रेनमधल्या बाप्टिस्टांनी हे अमेरिकेतल्या आपल्या बांधवांपर्यंत पोचवलं. माइक जॉन्सन स्वतः सदर्न बाप्टिस्ट. एप्रिल २०२४ मध्ये ते वळले त्यात गुप्तचरांच्या माहितीबरोबर या लोकांच्या भेटींचाही वाटा होता. त्यांनी मुलाचाही उल्लेख केला होता, तो नौदलाच्या अकादमीत जाणार होता; अमेरिकन पोरं पाठवण्यापेक्षा गोळे पाठवलेले बरे, असा त्यांचा सूर. म्हणजे चर्चमध्ये बसणारा रिपब्लिकन आणि इंटरनेटवर बसणारा मागावाला यांचं युक्रेनबद्दल एकमत नाही. झेलेन्स्कींना पहिल्या गटात वाट सापडली, दुसऱ्यात कधीच नाही.

ऑर्बान यांचं म्हणाल तर ते मागाकडे पैसे मागायला येत नव्हते. कौतुक स्वस्तात होतं.

---

मंजिरी_पु

इथे सगळे कीव्ह आणि ओहायोबद्दल बोलताहेत, म्हणून मुंबईची बाजू. माझे दीर सीप्झमध्ये हिऱ्यांच्या दागिन्यांच्या निर्यातीत आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये रशियन तेलाचा दंड म्हणून भारतावर जादा २५ टक्के आयातशुल्क लागलं, आधीचे २५ धरून ५०. तो जादा भार २७ तारखेपासून. ज्या मालाचे साचे तयार होते, ख्रिसमसच्या ऑर्डरी पक्क्या होत्या, तो माल मुदतीआधी विमानाने धाडायची धावपळ मी घरात पाहिलीय. जेवणाच्या ताटावरही फोन कानाला. त्यानंतर कारागिरांच्या पाळ्या कमी झाल्या.

२७ ऑगस्टलाच ट्रम्प यांचे सल्लागार पीटर नवारो टीव्हीवर युक्रेनच्या युद्धाला 'मोदींचं युद्ध' म्हणाले. कुठला संबंध कुठे! चीन आपल्यापेक्षा जास्त रशियन तेल घेत होता, त्याला हा दंड नाही. आणि झेलेन्स्कींनी सप्टेंबरमध्ये एका अमेरिकन वाहिनीवर या शुल्काची पाठराखण केली, हे मला तरी लागलं. मोदी ऑगस्ट २०२४ मध्ये कीव्हला जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवून आले होते. त्यांचंही बरोबरच म्हणा, देश जळत असताना माणूस मिळेल ती काठी धरणार. पण ट्रम्पना खूश ठेवायच्या नादात कुणाकुणाला दुखवलं याचाही हिशोब तुमच्या लेखात हवा होता.

---

शेंगदाणे_कूट

मंजिरीताईंना +१.

झेलेन्स्कींचं स्वतःचं घरही काचेचं आहे, ते कुणी बोलत नाही. जुलै २०२५ मध्ये भ्रष्टाचारविरोधी यंत्रणांचे पंख छाटणारा कायदा त्यांनी एका दिवसात सही करून मोकळा केला. युद्ध चालू असताना कीव्हमध्ये पोरं पुठ्ठ्याच्या पाट्या घेऊन रस्त्यावर आली तेव्हा आठवडाभरात माघार. नोव्हेंबरमध्ये त्याच यंत्रणेने अणुऊर्जा कंपनीतल्या सुमारे १० कोटी डॉलरच्या कमिशनचं प्रकरण बाहेर काढलं. त्यात त्यांच्या जुन्या कंपनीतला भागीदार तिमूर मिंडिच देशाबाहेर पळालेला, आणि त्याच्या फ्लॅटमधल्या सोनेरी कमोडचे फोटो. महिनाअखेर उजवा हात आंद्री येरमाक यांचा राजीनामा.

मागाला याहून सुंदर भेट कोण देणार? तीन वर्षं 'आमचे पैसे तिकडे खातात' म्हणत होते, पुरावा नव्हता. हे पैसे अमेरिकी मदतीतले असल्याचं कुठे आलेलं नाही, पण सोनेरी कमोड दिसल्यावर पावती कोण विचारतंय? डिसेंबरमध्ये दोह्याच्या परिषदेत ट्रम्प यांचे थोरले चिरंजीव पुन्हा बरसलेच, श्रीमंत युक्रेनी मोनॅकोत महागड्या गाड्या फिरवतात म्हणून.

---

बाळूतात्या

सोनेरी कमोड आणि ट्रम्प टॉवर या दोन्हींवर एकाच तोंडाने बोलायला चिरंजीवांनाच जमतं. (हलके घ्या.)

---

निळी_शाई

मंजिरी, हिशोब खरंच हवा होता. त्यात एवढंच जोडतो: २२ ऑक्टोबरला ट्रम्पनी शेवटी रोसनेफ्त आणि लुकऑइल या रशियन तेल कंपन्यांवर थेट निर्बंध घातले. म्हणजे तेलवाल्याला पकडायचा मार्ग आधीपासून हातात होता. पहिले दोन महिने गिऱ्हाइकाला, त्यातही एकाच गिऱ्हाइकाला, बडवण्यात गेले.

कूट यांनी नोव्हेंबर काढला ते बरं झालं, कारण 'झेलेन्स्कींनी ट्रम्पना वळवलं' हे माझंच वाक्य त्या महिन्यात लटपटलं. २३ सप्टेंबरला ट्रम्प म्हणाले, युक्रेन सगळा भूभाग परत मिळवू शकतो, रशिया कागदी वाघ. १७ ऑक्टोबरला झेलेन्स्की लांब पल्ल्याची टॉमहॉक क्षेपणास्त्रं मागायला गेले ते रिकाम्या हाताने परतले. नोव्हेंबरात अमेरिकेचा युद्ध थांबवायचा २८ कलमांचा आराखडा आला. उरलेलं डोनेत्स्क सोडा, सैन्य सहा लाखांवर थांबवा, नाटो विसरा, आणि उत्तर थँक्सगिव्हिंगपर्यंत द्या. येरमाक गोत्यात असताना नेमका. तरी या वेळी झेलेन्स्कींनी फेब्रुवारीसारखं तोंड उघडलं नाही. 'आराखडा चांगला आहे, त्यावर काम करू' म्हणत जिनिव्हात एकेक कलम सोलून काढलं आणि २८ डिसेंबरला ट्रम्प यांच्या मार-अ-लागो या निवासात पुन्हा हात मिळवत उभे. बदललं असेल तर हे बदललंय, समोरच्याला 'नाही' न म्हणता 'हो' लांबवायचं.

बाकी मागाकडून अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही, पण एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. डिसेंबरमध्ये रिपब्लिकनांच्याच काँग्रेसने संरक्षण खर्चाच्या कायद्यात युक्रेनसाठी २०२६ आणि २०२७ ला ४०-४० कोटी डॉलर घातले आणि ट्रम्पनी सही केली. ६१ अब्जांपुढे ही रक्कम म्हणजे चिल्लर. आणि जॉन्सनची खुर्ची घालवायला निघालेल्या ग्रीनबाई? त्यांनी नोव्हेंबरमध्ये ट्रम्पशीच बिनसल्यावर खासदारकी सोडत असल्याचं जाहीर केलं. तक्रार तीच: अमेरिका फर्स्ट म्हणून निवडून आलात आणि सगळा वेळ परदेशी पाहुण्यांना देता.

---

ओहायोकर

माझा शेजारीही हल्ली तेच म्हणतो. फक्त ट्रम्पचं नाव घेत नाही, 'वॉशिंग्टनवाले' म्हणतो. २०२८ ला व्हान्स उभे राहिले तर मत त्यांनाच, हे आधीच ठरलंय. कीव्हमध्ये कुणी पुढचं नियोजन करत असेल तर त्यांनी स्क्रँटनची सहल आधी निस्तरावी.